सहाच्या पटीत आणि वर एक

वही माझीच, एकोणीसशे नव्वदची,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली.
आत निळ्या शाईत: क्रोशाचं जाकीट, बिनबाह्यांचं.
पाठ – साखळ्या सदुसष्ट.
शिंपल्यांची नक्षी – सहाच्या पटीत आणि वर एक.
कुणाच्या मापाचं, ते कुठंच लिहिलेलं नाही.
तेव्हा जगात एकच छाती होती, बत्तीस इंचांची,
ती माझी.

आता ते वैजयंतीला हवंय.
माझी धाकटी नणंद. अंबाझरी रोडच्या टँकवर
पोरांना पोहायला शिकवते.
पहाटे पाचला, डिसेंबरात, काठावर उभी,
थंडीतही चार हट्टी पोरं येतातच.
खांदे असे, की पाण्यानं घडवलेले वाटावेत.
सीताबर्डीच्या दुकानात पोऱ्या मान वर न करता बोलला,
मॅडम, जेन्ट्समध्ये बघा.

राहू द्या ना वहिनी, माप कायले, अंदाजानं करा.
मी टेप काढला.
तिनं हात वर केले आणि श्वास आत ओढला.
टेप बेचाळीसवर.
श्वास सोड वैजू.
सोडला ना!
खोटारडी. मिनिटभर श्वास धरणं
हिच्या हातचा मळ.
मग मीही थांबले, टेप तसाच धरून.
शेजारच्या कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या.
आणि सुटला एकदाचा,
चव्वेचाळीसवर.
त्यात दोन इंच मी माझ्या मनानं घातले,
हसताना लागतात.

सेहेचाळीस. पाठीला निम्मे, तेवीस.
आधी चार इंचांचा तुकडा विणून पाहिला.
वहीत लिहिलंय: चार इंचांत सोळा खांब.
माझे आले चौदा.
पुन्हा विणला. चौदाच.
सुई तीच, लोकरही तशीच,
म्हणजे हात सैलावलाय.
विसाव्या वर्षी किती घट्ट ओढायचे मी धागा,
कशाची भीती होती कोण जाणे.

तेविसाला साडेतीनने गुणलं: साडेऐंशी.
पण शिंपल्यांना अर्धवट काही चालत नाही.
एकोणऐंशी घे, नाहीतर पंच्याऐंशी.
जवळचा आकडा एकोणऐंशी होता.
मी पंच्याऐंशी घेतले.
कमी पडणारे कपडे तिनं पुष्कळ घातलेत.

गळ्यापाशी चुकले.
सगळंच त्याच हिशोबानं वाढवत गेले,
आणि गळा असा पसरला की दोन्ही खांद्यांवरून घसरेल.
छाती वाढली म्हणून मान थोडीच वाढते!
रात्री साडेअकराला उसवलं, अकरा ओळी.
दिलीप झोपेतून म्हणाले, काय फाडून रायली?
उसवलेली लोकर कुरळी होते,
काही दिवस जुने टाके विसरत नाही.
गळा वहीतला तसाच ठेवला, जेमतेम एक शिंपला जास्त.
रुंदी सगळी खांद्यांना दिली.
आणि मुंढा दीड इंच खोल,
कारण ही बाई बोलतानाही हात फिरवते.

रविवारी घालून पाहिलं.
ती आरशापुढं गेलीच नाही.
स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून
दोन्ही हात कानांना लावून वर नेले,
सूर मारायच्या आधी नेतात तसे.
मुंढा कुठं ओढला नाही.
पण खालची कड सरकली वर, पोट उघडं.

अजून चार ओळी, मी म्हटलं.

इतवारीत त्या नंबरचा जांभळा संपला होता.
दुकानदारानं नव्या लॉटचा दिला,
उजेडात धरला तर किंचित वांग्याकडे झुकलेला.
हे दिसेल बरं का वैजू, कडेला वेगळं.
दिसू द्या, म्हणाली. टँकवर कोण पाहते?
मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली,
जाकीट अंगातच,
आणि मी तिच्याभोवती फिरत विणू लागले,
साखळी, खांब, साखळी,
ती जराही श्वास न धरता
कुठल्याशा पोराच्या चुकीच्या लाथेबद्दल सांगत होती.