दार उघडायला लागणारा वेळ

मारिविक फायनल एक्झिटवर गेली तेव्हा
तिच्याकडून घेतला हा हातात मावणारा खेळ,
साठ रियाल, वर एक प्रेशर कुकर फुकट.
आत नऊ गेम होते. आठ पुसून टाकले.
नववा ओळखीचा निघाला.

तोच दवाखाना. तोच लांबडा बोळ,
तीच बॅटरी, जिचा उजेड पुढच्या तीन फरश्यांपुरता.
पंचवीस वर्षांनी परत आणलाय, धुऊनपुसून.
भिंतींवरचं रक्त आता जास्त स्वच्छ दिसतं.

सोहारला, मेल मेडिकलच्या मागच्या खोलीत
रात्री दोन ते अडीच माझी सुट्टी.
एका दवाखान्यातून उठायचं
आणि दुसऱ्यात जाऊन बसायचं.
तिथंही स्टाफ कमीच आहे,
तीन मजल्यांना एक नर्स, आणि ती चावते.

मिरजेत हा खेळ शमूचा होता.
मिशन कंपाउंडच्या मागं, गफूरभाईच्या दुकानात,
तासाला दहा रुपये.
रिमोट त्याच्या हातात, नकाशा माझ्या,
आलेखाच्या वहीत पेन्सिलीनं काढलेला.
कुलूप असेल तिथं फुली,
जीव वाचेल तिथं क्रूस.
घाईत दोन्ही सारखेच दिसायचे,
त्यापायी आम्ही दोनदा मेलो.

डावं दाबलं की तो माणूस डावीकडं जायचा नाही,
जागच्या जागी वळायचा, बोळात बैलगाडी वळवावी तसा.
शमू ओरडायचा, रूथ, कुठं?
मी म्हणायचे, तुझी डावी नव्हे रे, त्याची डावी.

पिशवीला खण आठच.
किल्ली घेतली तर मलम टाकायचं, मलम घेतलं तर गोळ्या.
पुढं तीस किलोत कांदा-लसूण मसाला, युनिफॉर्म
आणि बाबांचं गीतांचं पुस्तक बसवताना
मला कुणी शिकवावं लागलं नाही.

शमूचे डोळे शुगरनं गेले.
आधी उजवा, मग डावा, सहा महिन्यांत.
रिपोर्ट मी इथं बसून वाचले, फोनवर, बोटांनी मोठे करकरून.
घरात नर्स असून, असं कुणी म्हणालं नाही.
म्हणाले असते तर बरं झालं असतं.

खेळात प्रत्येक दार हळू उघडतं.
काळा पडदा, बिजागरीची कुरकुर, सहा सेकंद.
तेव्हा मशीनला पुढची खोली आठवायला वेळ लागायचा.
आता लागत नाही.
तरी ठेवलेत ते सहा सेकंद, जसेच्या तसे.

इथले दोन म्हणजे मिरजेत साडेतीन.
तो पहिल्या रिंगला उचलतो.
एका कानात शमू, दुसरा कान वॉर्डासाठी मोकळा.

कुठं आहेस?
जिन्यापाशी. दिवा आहे, तेल एकदाच पुरेल.
मग लावू नको एवढ्यात. पुढं काय?
तीन दारं.
मधलं नको. मधल्यात ती आहे.
उजव्या भिंतीला धरून जा, सतरा पावलं.

तू पावलं कधी मोजलीस?
तेव्हा नाही, म्हणतो. आता मोजतो.
खाटेपासून मोरीपर्यंत सतरा.
तिथंही तेवढीच असतील.

मी मोजत जाते. एकोणीस भरतात.
सतरा, बरोबर, असं सांगते.

दारापाशी पोचते तोच सात नंबरची बेल,
खरी.
थांब रे, म्हणून मी फोन खिशात टाकते, चालूच.
खलफानबाबांना पाणी नको असतं,
मास्क नीट करून हवा नसतो.
पहाटेच्या नमाजाला किती वेळ आहे, एवढंच.
तीन तास, मी बोटांनी दाखवते.
ते माझी तिन्ही बोटं धरून ठेवतात थोडा वेळ,
समुद्रावर दोर धरलेले हात, अजून खरखरीत.

परत येते. पडद्यावरचा माणूस दारापाशी उभा,
श्वासानं खांदे वरखाली.
खिशातून शमू विचारतो, उघडलंस?

उघडतंय, मी म्हणते.
बटणाला अजून हात लावलेला नसतो.