बारावं आभाळ

संस्कृती खात्याच्या कागदावर शेवटचा रकाना:
"मार्गदर्शनातून काय शिकलात? तीन ओळींत लिहा."
मी लिहिलं, झाडायला.
दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

खोटं नव्हतं ते.
कुताइसीच्या नाटकघरात, रंगमंचामागच्या गार दालनात
कापड जमिनीवर अंथरतात, कडेनं खिळे ठोकून, शेताएवढं,
आणि लोकरीचे सपाते घालून त्यावर चालायचं असतं.
एक खडा राहिला तरी रंग त्याच्याभोवती तळं करतो.
म्हणून चार महिने झाडू.
मग सरस: रात्रभर भिजलेला, मंद आचेवर,
उतू जाऊ द्यायचा नाही.
त्याचा वास माझ्या केसांतून घरी यायचा.
आई म्हणायची, पदवी घेऊन हेच करायचं होतं?

त्सिआलाबाई कमी बोलायच्या.
एका मार्चमध्ये म्हणाल्या, "तेक्ले, कुंचला घे."
लांब काठीला बांधलेला, माझ्या खांद्याला लागणारा,
उभ्यानं, चालत चालत रंगवायचं,
सडा घालावा तसं.

मी बसून रंगवलं.
गुडघ्यांवर, बोटाएवढ्या कुंचल्यानं, नऊ दिवस.
ढगाच्या कडेकडेला मोत्याची झाक,
निळ्यात जांभळा, जांभळ्यात राख.
आपल्याच आभाळावर भाळले होते मी.

कापड वर चढलं.
त्या रागावल्या नाहीत. जिन्याकडे बोट केलं.
ब्याण्णव पायऱ्या, प्रत्येक वळणावर
त्यांचा उजवा गुडघा वाजत होता.
सगळ्यात वरचा सज्जा, सगळ्यात स्वस्त बाक,
जिथं शाळेची पोरं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात.
तिथून पाहिलं:
एक ओल आलेली भिंत.

"इथल्यानंही तिकीट काढलेलं असतं,"
बाकावरची टरफलं झटकत त्या म्हणाल्या,
आणि बसून राहिल्या, गुडघा चोळत.

दुसरं आभाळ जरा बरं.
तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.
चौथ्यात पाऊस होऊन गेलेली संध्याकाळ हवी होती,
आणि पहिल्या प्रयोगाला पडदा सरकला तेव्हा
सज्जातल्या एका पोराचं बी सोलणं थांबलं.
मी त्याच्या मागेच उभी होते.
टाळ्या नंतर झाल्या, त्या नटांच्या.

हंगाम संपला, पैसेही. नवं कापड येणार नव्हतं.
"यावर पांढरा फिरव."
मी नाही म्हणाले. पहिल्यांदाच.

त्यांनी वाद घातला नाही.
कडेला वाकून नखानं एक पोपडा उचलला:
माझ्या संध्याकाळीखाली कुणाची पहाट,
पहाटेखाली वादळ,
खाली एक पिवळट दुपार.
"ही माझी. त्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती,
मेणबत्त्यांवर नाटक केलं, प्रेक्षक कोट घालून.
खालचं ओतियाचं, ज्यानं मला सरस ढवळायला लावला.
त्याखालचं कुणाचं, ते ओतियालाही ठाऊक नव्हतं."
मोजली. माझं धरून अकरा.
तरीच ते कापड गुंडाळायला चौघं लागायची.
"आभाळ कधी साठवतात का गं?"
बादली त्यांनीच उचलली.
अर्ध्या वाटेत मी हातातून घेतली.

खात्यानं कागद परत पाठवला. माहिती अपुरी.
तो सरसाच्या डब्याखाली आहे, डाग पडू नयेत म्हणून.

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.
रंगीत तालमीला जिना चढत नाहीत,
पुढच्याच रांगेत बसतात, काठी मांडीवर आडवी.
"बरंच झालं," म्हणतात,
"इथूनच मला सज्जातून दिसावं तसं दिसतं.
डावीकडे अजून सांज झालेली नाही."

मी धावत वर जाते, ब्याण्णव पायऱ्या.
बघते.
नसतेच झालेली.
कापड उतरवायला सांगते.