पोटाखालची जागा

हँगर चारमध्ये तीन विमानं उभी होती
आणि दिल्लीहून सात जोडी बूट आले होते.

बूटच म्हणतो, कारण मी खाली होतो.
साहेब म्हणाले, गांगुर्डे, तू बुटका, तू जा.
आयटीआयला पोरं याच उंचीवरून हसायची.
पाठीखाली पुठ्ठा घेतला, हातात स्टीलची पट्टी,
आणि सरकलो.

जे टांगायचं होतं त्याला नाव नव्हतं.
कागदावर नुसतं ‘स्टोअर’.
आमच्या सय्यदपिंप्रीत स्टोअर म्हणजे रेशनचं दुकान,
रॉकेल संपल्याची खडूने लिहिलेली पाटी.
इथं एक लांबट नळकांडं, आत सिमेंट आणि रेती,
वजन मात्र खऱ्याइतकं, किलोला किलो.
रेती मीच चाळून भरली होती. दारणेची.

पहिल्याचं पोट फार खाली.
पट्टी उभी धरली : एकशे चार.
टायर जरा बसला तर धावपट्टीला घासेल,
असं वर कुणी म्हणालं, कुणी लिहून घेतलं.
दुसऱ्याला चाकाचं दार आडवं आलं,
अर्ध्यात अडून बसलं, शेळी अडते तसं.

तिसऱ्याखाली मी अख्खा मावलो.
नळकांडं नाकासमोर, रंग अजून ओला,
माझाच श्वास त्यावर उठायचा आणि जायचा.
दोनशे ऐंशी, मी ओरडलो.

वर जरा वेळ शांत.
एका तपकिरी बुटाची नाडी सुटली होती.
सांगावंसं वाटलं,
पण खालून कसं सांगणार.
मग ऐकू आलं, “हेच.”
मेथीच्या जुडीवर बोट ठेवून म्हणतात, तेवढंच.

रिपोर्टात आकडा गेला.
एक माणूस उताणा मावतो,
हे लिहायला रकाना नव्हता.

चहा झाला. बिस्किटं क्रीमची होती.
बसमधून ओझरच्या बागा दिसल्या, घड कागदात गुंडाळलेले.
चंद्रकला तिथंच पॅकहाऊसला असते,
अठरा मिलिमीटरखालचा मणी कात्रीने उडवते
दिवसभर, उभ्याने.

घरी तिनं शर्ट झटकला.
कुठं लोळलात एवढं?
स्टोअरचं काम होतं, म्हणालो.
ती पातेलं उतरवत होती,
मागं न बघताच म्हणाली,
मग साखर आली का?