पुनरावृत्तीची खूण

हागोपनं जाताना चार तबकड्या दिल्या.
साठ पूर्ण, व्हिसा संपलेला,
बुर्ज हम्मूदच्या घरी न्यायला तीस किलोंची मुभा.
फ्रिज फिलिपिनी शेजाऱ्याकडे गेला,
लिंबाची कुंडी वॉचमनकडे,
आणि माझ्याकडे ही बाई.

ओर्शोल्या व्हेसी. एकच सोनाटा, चार वेळा.
छप्पन, एकाहत्तर, त्र्याऐंशी,
आणि एक, जिच्यावर साल नाही
आणि जिच्यात कुणीतरी खोकतं.
‘फरक कळव,’ हागोप म्हणाला,
‘तुझा कान बेअरिंगचा आहे.’

ते खरंय. बरकाच्या प्लांटवर
समुद्र गोडा करणारे अकरा पंप आहेत.
स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला लावायचं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि सांगायचं : तीन नंबर, अजून पंधरा दिवस.
मीटर मागाहून येतं, माझंच म्हणणं आकड्यांत लिहितं.
पलूसच्या टेस्टिंग शेडमध्ये शिकलो हे, एकोणिसाव्या वर्षी.
पेटी कधी शिकलो नाही.

रुवीतल्या खोलीत एसी बंद करून ऐकावं लागतं.
त्याची घरघर तिच्या डाव्या हाताच्या अंगावर येते.
ऑगस्टमध्ये एक बाजू म्हणजे एक बनियन.

छप्पनची पोरगी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरते.
संथ भाग सात मिनिटं चाळीस सेकंद.
संथ कसला, खाली रिक्षा उभी केल्यासारखा.

एकाहत्तर : सगळे नट टॉर्कप्रमाणे आवळलेले.
दोष काढता येत नाही,
आणि पुन्हा लावावीशी वाटत नाही.

त्र्याऐंशीच्या आधी काहीतरी झालंय.
काय, ते कव्हरवरच्या मजकुरात नाही.
नऊ मिनिटं पाच.
दोन सुरांमध्ये ती थबकते,
चपला घालता घालता एखादीला
गॅस बंद केला का, असं वाटावं तशी.
आणि मग निघते. आत जाऊन पाहत नाही.

बिनसालाची मात्र मला बरेच दिवस कळली नाही.
पहिला भाग अर्ध्यावर आला
आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू झाला.
वाटलं, प्लेअर अडकला. तबकडी पुसली. पुन्हा तेच.
मग हागोपच्या झेरॉक्सवर, दुहेरी रेषेला लागून,
दोन टिंबं दिसली, एकावर एक.
हे सगळं परत वाजवा, असा त्याचा अर्थ.
तिन्ही वेळा ती टिंबं ओलांडून पुढे गेली होती.
म्हातारपणी मागे फिरली.

पहिल्या फेरीत एक पट्टी चुकते. स्वच्छ ऐकू येतं.
दुसऱ्या फेरीत त्या जागेच्या आधीच ती हळू होते,
ओळखीच्या खड्ड्यापाशी सायकल होते तशी.
चुकत नाही.
आणि खोकणारा
दुसऱ्या फेरीत खोकत नाही.

टेबलावर नूतनीकरणाचा कागद पडलाय. दर दोन वर्षांनी येतो.
हा नववा. ऑफिसातली शम्सा म्हणाली, गुरुवारपर्यंत.
वर तारखा बदलतात, खाली मजकूर तोच.
पाचव्यापर्यंत कुमुद फोनवर काही ना काही म्हणायची.
आता विचारते, जेवलात का.
मी म्हणतो, हो.
मागे पंख्याचा आवाज येतो, आमच्या हॉलमधला.
त्याचं वरचं बुश गेलंय.
तीन वर्षं ऐकतोय इथून.

रात्री हागोपला लिहिलं :
छप्पन घाईत. एकाहत्तर बिनचूक.
त्र्याऐंशीबद्दल सांगता येत नाही.
चौथ्यात पेडल करकरतं, दोन्ही फेऱ्यांत,
उजवीकडचं. तेल घातलेलं नाही कुणी.
एवढंच लिहिलं. बाकीचं टाइप केलं होतं,
ते पुसलं.

एक टिक. दुसरी अजून नाही.

एसी लावतो. काँप्रेसर सुरू होताना
जरा अडखळतो,
मग धरतो.