नीर तुंबो हब्ब

आदल्या संध्याकाळी हिरेमठ काकूंनी बजावलं,
आज नीर तुंबो हब्ब, घागरी घासून भरून ठेवा.
भरल्या. बंबही चिंचेनं घासला.

पहाटे साडेचारला अनगोळची आमची बिल्डिंग
चारही मजल्यांवर एकदम जागी झाली,
तेल, उटणं, बादल्यांवर बादल्या.
मी उंबऱ्याशी टाचेखाली कारीट फोडलं
आणि मागं मोरीनं ढेकर दिला.

आधी बुडबुडे.
मग पाहुणा चप्पल सारतो तशी जाळी बाजूला सारून
ते घरात आलं.
पहिली दोन मिनिटं त्याला उटण्याचा वास होता.
नंतर नव्हता.

मशीनखाली सव्वीस ब्लाउज,
सणाचे, हुक लावायचे राहिलेले.
उचलायला वाकले, तर जिन्यातून अभिनंदन चौगुले ओरडला,
"थांबा की ओ! पिन अजून बोर्डात आहे!"
आणि कोरड्या पायरीवरूनच त्यानं मेन खाली ओढला.
तो वायरमन नाही, पतसंस्थेत कारकून आहे.
त्याचं ते ओरडणं मी जपून ठेवलंय.

मग मी ओरडले, जिन्याच्या तोंडाशी, दोन्ही भाषांत:
पाणी सोडू नका! नीर बिडब्याड्री!
तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी डोक्याला शिकेकाई लावून
आठ वाजेपर्यंत तसंच बसलं.
वरच्यांचं गेलं की गेलं.
पाण्याला पुढं वाट नसली
की ते सगळ्यात खालचं भोक शोधतं,
आणि सगळ्यात खाली मी राहते, भाडं कमी म्हणून.

महापालिकेची गाडी दुपारी दोनला. सणाचा दिवस, तरी आली.
फकीराप्पानं झाकण उघडलं, सगळ्यांना लांब उभं केलं.
घरमालक पाचशेची नोट काढत म्हणाले,
जरा उतरून बघ की, लवकर सुटेल.
त्यानं नोटेकडं बघितलंच नाही.
"वळग इळियंगिल्ल," म्हणाला. मग माझ्याकडं वळून मराठीत,
"आत उतरायचं नाही. गोकाकला माझा मामा उतरलेला.
एकदा."

नळी आत गेली, गाडी घरघरली,
आणि रस्त्याकडेला आमची बिल्डिंग बाहेर आली:
खानावळीचं तेल, थिजून नारळाएवढा पांढरा गोळा,
बाळ पुसायचे ओले कागद, न विरघळलेले,
शेजारच्या उंबराची मुळं, पाइपाच्या सांध्यातून शिरलेली, केसांसारखी,
केस, मुळांसारखे,
आणि त्या सगळ्याला बांधून ठेवणारा
लाल, मोरपंखी, अबोली दोरा.

माझा.
रोज फरशी पुसून मोरीत बादली ओतते, ती मी.
कुणी काही बोललं नाही.
हिरेमठ काकूंनी तर दोऱ्याकडं पाठच केली.

डेअरीतून गमबूट आले, मेडिकलमधून हातमोजे.
मुलांना वर पाठवलं, खिडक्या सताड.
गादी गेली. उशी गेली.
मापांची वही गेली, अकरा वर्षांच्या छाती-कंबरा.
भिजलं आणि उकळता येत नाही, ते ठेवायचं नाही.
आधी साबणानं घासायचं, मग ब्लीचिंगचं पाणी,
आणि थांबायचं. घाई केली तर नुसता वास धुतला जातो.
कुणी ॲसिडची बाटली आणली, अभिनंदननं ती जिन्यातूनच परत धाडली:
दोघं एका बादलीत भेटले
तर खोलीत श्वास उरत नाही.

सव्वीस जणींना खरं ते सांगितलं.
नऊ जणी परत आल्या नाहीत.
बाकीच्या नव्यानं माप द्यायला आल्या,
प्रत्येकीचं थोडं वाढलेलं, माझाच दोष असल्यासारखं.

आता चेंबरापाशी झडप बसवलीय,
जाऊ देते, येऊ देत नाही.
बादलीवर जुनी ओढणी बांधून मी दोरा गाळते.
रात्री वर कुणी फ्लश ओढला की
भिंतीतून ते उतरताना ऐकू येतं,
आणि कात्री हातात तशीच धरून
ते पुरतं निघून जाईपर्यंत
मी कापडाला हात लावत नाही.