सोळातले दहा

उईके मॅडम म्हणाल्या, पुस्तकातली उदाहरणं पुरे,
सामग्री स्वतः गोळा करा.
साठ निरीक्षणं. कमी नकोत, जास्त नकोत.
म्हणून बी.कॉम. द्वितीय वर्षाची मी
सायखेड्याच्या शुक्रवारच्या बाजारात
हमीदाबी मन्यारिणीच्या ताडपत्रीवर
मागे खोक्यावर बसलेली, वही मांडीवर.
दर हाताला एक उभी रेघ,
पाचव्याला आडवी.
चार हात आणि त्यांना बांधणारा पाचवा,
अशा मोळ्या साचत गेल्या दुपारपर्यंत.

हमीदाबी मोजत नाही.
हात हातात घेते, अंगठ्याखालचं हाड दाबते,
करंगळी आत दुमडते,
बोलत राहते सासरचं, तुरीचं, न आलेल्या एस.टी.चं,
आणि बोलता बोलता बांगडी आत.
मग मागे न वळता मला सांगते :
"दोन-सहा."
"दोन-चार. लिव."
"हेबी चारच. पन निंदन करते पोरगी,
पुढच्या साली सहा लागन."

पुढच्या सालासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

एक बांगडी टिचली. मी म्हटलं, फुटली.
तिनं डोळे वटारले. "वाढली म्हन."
एक कमी झाली की वाढली म्हणायचं,
आणि ही भाषा घेऊन मी
सोमवारी वजाबाक्या करायच्या.

उन्हं उतरली तेव्हा सारणी पुरी झाली :
दोन-दोन सात, दोन-चार एकोणीस,
दोन-सहा चोवीस, दोन-आठ नऊ,
दोन-दहा
एक.
मोबाइलवर सरासरी काढली, दोन पॉइंट एकावन्न.
चढत्या क्रमानं लावलं
तर तो एकटा दोन-दहा
सगळ्यांच्या आधी, सगळ्यात लहान.

आणि मला तो हात आठवला.
विटाभट्टीवरच्या देवकाबाई आत्रामचा,
तळव्याला लाल माती, बोटांची पेरं
भाजलेल्या शेंगांसारखी फुगलेली.
तिच्यासाठी ट्रंकेच्या तळाशी
एकच डझन ठेवलेलं असतं, हिरवं,
जुन्या पेपरात गुंडाळून, वर्षभर.
मोबाइल म्हणत होता,
हा बाजारातला सर्वांत नाजूक हात.

"ते पाइंट नोहे," हमीदाबी हसली.
"दोन इंच, आन् वर सोळातले दहा.
आन्यासारखं. आने माहीत हायेत का तुले?"

मी पुन्हा बसले, आण्यांत.
मध्यक, सहा.
बहुलक, सहा. ते तर तिला
रिकामं होत गेलेलं खोकं सकाळपासून सांगत होतं.
सरासरी सव्वापाच, वर केसभर.
"सव्वापाचाची बांगडी हाये का?"
"कोनी बनवतच नाई."
साठ जणींची मिळून एक बांगडी,
आणि ती एकीच्याही हातात जात नाही.

मॅडमनी सांगितलंय,
फार टोकाचं मूल्य असेल तर वगळता येतं.
विचारलं, हे दोन-दहा काढून टाकू?
ती काचा वेचत होती.
"काढ ना. वहीतून काढ.
मंग थे आली का तूच सांग तिले."

नाही काढलं.

ताडपत्री गुंडाळताना तिनं माझं मनगट धरलं.
"तुया हात कुठी लिवला?"
नाही म्हणेपर्यंत हाड दाबलं गेलं,
करंगळी दुमडली,
बोलणं सुरू झालं : कालेज, खोलीचं भाडं, आई काय करते,
आणि सहा बांगड्या आत,
मला न कळता.
"दोन-चार."

एकोणिसाचे वीस झाले.
चौथी मोळी इतका वेळ सुटी पडली होती,
तिला आडवी रेघ मिळाली.
सरासरी सव्वापाचाच्या खाली उतरली, केसभरच.
बेरीज एकसष्ट.

साडेसातच्या गाडीत दांड्याला धरून उभी राहिले.
खड्डा आला की हात वाजायचा.
मॅडमना साठ हवी होती.