टिकलीएवढी जागा

घड्याळं काढा. अंगठ्या, ब्रेसलेट.
गळ्यातली चेन शर्टाच्या आत.
स्टुलावर आज कुणी बसायचं नाही,
किरण टेबलाच्या जरा वरून जातो
आणि बसलेल्या माणसाचे डोळे नेमके तिथेच येतात.
बावीस वर्षं दर बॅचला हेच सांगतोय.
पोरं म्हणतात, मढवीकाका विमानात बसवतायत.

ऐरोलीचं कॉलेज, दुसरा मजला,
खिडक्यांना काळा कागद.
एका फाटक्या कोपऱ्यातून
खाडीपुलावरच्या गाड्यांच्या काचांचं ऊन
भिंतीवर येतं, सरकतं, जातं.
तेवढं मी चालवून घेतो.
उन्हाकडे कुणी टक लावून बघत नाही.

गॉगल सहा, पोरं चौदा.
मागणीपत्र तीन वर्षं ऑफिसात पिकत पडलंय.
म्हणून पाच, पाच, चार असे गट,
बाकीचे दाराबाहेर,
आणि लेझरची किल्ली माझ्या खिशात.

जसकिरत म्हणाली, काका, कडं निघत नाही.
निघत नाही म्हणजे
काढायचं नसतं.
कळलं मला. करदोटा मीही
एक्स-रेवाल्याला सोडू दिला नव्हता.
ड्रॉवरमधून पडद्याचं उरलेलं काळं कापड काढलं.
तिनं मनगट पुढे केलं,
राखीला भाऊ करतो तसं.
तीन वेढे, वर दोरा.
स्टील पार झाकेपर्यंत.

तेवढ्यात मागून ठोंबऱ्यांचा ओजस:
किरणात बघितलं तर दुखतं का हो?

नाही रे.
तीच तर गोम आहे.
काटा रुतला की पाय ओरडतो,
दात किडला की अख्खं घर जागं ठेवतो.
डोळ्याचा पडदा जळतो
आणि हूं की चूं करत नाही.

पुढचं मी त्याला सांगितलं नाही.
विज्ञान प्रदर्शनाचं साल,
ठाणे स्टेशनबाहेर घेतलेला हिरवा पॉइंटर,
दीडशे रुपये. पट्टीवर लिहिलं होतं पाच मिलिवॉट,
आत किती होतं देव जाणे.
लागत का नाही म्हणून
तोंडाशी डोळा नेला,
पाणी आलं का बघायला नळात बघतो तसा.
लागला.

आठ दिवसांनी, उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून
तो चोळत बसलो होतो.
समोर सुगंधा भात वाढत होती.
नुसत्या डाव्या डोळ्यानं
तिच्या कपाळाकडे सरळ पाहिलं,
टिकली नव्हती.
जरा बाजूला पाहिलं, होती.
पुन्हा सरळ. नव्हती.
भोक दिसत नाही तिथे, काळं काही दिसत नाही.
मेंदू रफू करतो. कपाळाचाच तुकडा
कपाळाला लावून टाकतो.
अजून तिला सांगितलेलं नाही.
ती विचारते, असं तिरकं काय बघता?

किल्ली फिरवली.
भिंतीवर लाल ठिपक्यांची ओळ उमटली.
गॉगलमधून फिकी दिसते, पोरं कुरकुरतात.
म्हटलं, फिकं दिसतंय
म्हणजे पैसे वसूल.
जसकिरतनं मोजले,
मधला एक, डावीकडे चार,
उजवीकडे चार, पाचवा असेल नसेल.
असेल नसेल असं लिहू नको, म्हटलं,
जवळ जा, पण भिंतीकडे तोंड करून,
किरणाकडे पाठ.

जाताना तिनं कापड घडी करून परत दिलं.
ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवलं,
वर चिठ्ठी लावली:
कड्यासाठी. फेकू नये.